अंदाजपत्रक वाचणारा माणूस

भ्रष्टाचाराशी लढणारा माणूस म्हटले की मराठी वाचकाला राळेगणसिद्धी आठवते. यादवबाबांचे देऊळ, पांढरी टोपी, ऑगस्ट २०११ मधले रामलीला मैदान. या लेखाचा विषय कळवताना संपादकांच्या मनातही बहुधा तेच चित्र असावे. हा लेख मात्र नाशिकच्या दिंडोरी रोडवर जातो. तिथे उपोषण झाले नाही, मंडप पडला नाही, घोषणाही झाल्या नाहीत. तिथे एका सरकारी अभियंत्याने पंधरा पानी पत्र लिहिले आणि चार-पाच महिन्यांनी राज्याच्या उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्या अभियंत्याचे नाव विजय पांढरे.

मेरीच्या आवारात

पंचवटी मागे टाकून दिंडोरीच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात 'मेरी' येते. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे हे आटोपशीर नाव रिक्षावाल्यांपासून पोस्टमनपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. जुनी झाडे, सरकारी क्वार्टर्स, प्रयोगशाळांच्या बैठ्या इमारती. माती, वाळू, काँक्रीट यांच्या चाचण्या इथे होतात. धरणांची संकल्पचित्रे करणारी मध्यवर्ती संघटनाही नाशिकचीच. शेजारी 'मेटा', म्हणजे राज्याच्या अभियंत्यांना प्रशिक्षण देणारी प्रबोधिनी. नव्याने भरती झालेला पोरगेला अभियंता इथे येऊन शिकतो आणि मग राज्यभरच्या धरणांवर, कालव्यांवर पांगतो.

नाशिक आणि पाटबंधारे यांचे नाते तसे जुने. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले ते याच नाशिक-खानदेश भागात. दारणा, नांदूर मधमेश्वर ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची कामे जिल्ह्यातलीच, आणि शहराला पाणी पाजणारे गंगापूर हे मातीचे धरण स्वातंत्र्यानंतरचे. पाण्याचा हिशेब कसा ठेवायचा हे या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.

पांढरे या मेटामध्ये मुख्य अभियंता होते. खात्याच्या बोलीत अशा जागेला 'साइड पोस्टिंग' म्हणतात. हाताखाली साइट नाही, ठेकेदार नाही, बिल काढायचे नाही. दिवाळीला मिठाईचे खोके कमी येतात ती जागा. पण याच जागेबरोबर त्यांच्याकडे आणखी एक काम होते. राज्यस्तरीय तांत्रिक सल्लागार समितीचे ते सदस्य होते. पाटबंधारे महामंडळांकडून येणारी प्रकल्पांची अंदाजपत्रके या समितीपुढे तपासणीला येत. साइट नसलेल्या माणसाच्या टेबलावर अशा रीतीने साऱ्या राज्याच्या साइट कागदरूपाने येऊन पडत होत्या, आणि तो माणूस ते कागद वाचत होता. या सगळ्या प्रकरणाचे मूळ इतके साधे आहे.

सुप्रमा

पाटबंधारे खात्यातला भ्रष्टाचार म्हणजे टेबलाखालून सरकवलेले पाकीट, अशी समजूत असेल तर ती आधी बाजूला ठेवावी लागते. पाकिटे असतील, पण मोठा पैसा टेबलावर, शिक्क्यासहित, मंजूर अंदाजपत्रकात असतो. प्रकल्पाला आधी प्रशासकीय मान्यता मिळते, खात्यात तिला 'प्रमा' म्हणतात. काही वर्षांनी खर्च वाढतो आणि सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते, ती 'सुप्रमा'. मग दुसरी सुप्रमा, तिसरी सुप्रमा. प्रत्येक वेळी कारणे ठरलेली असतात: दरसूचीत वाढ, भूसंपादनाचा वाढीव खर्च, पुनर्वसन, संकल्पचित्रातले बदल, आणि 'इतर'.

यातली बरीच कारणे खरी असतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. दहा वर्षे रेंगाळलेल्या कामाचे सिमेंट आणि डिझेल महागणारच. जमिनीचा मोबदला वाढला तर तो शेतकऱ्याच्या खिशात जातो आणि त्यात गैर काही नाही. अडचण अशी की खऱ्या कारणाच्या पोटात खोटे कारण सहज लपते, आणि ते बाहेर काढायला अभियंताच लागतो.

मातीच्या धरणाचे उदाहरण घ्या. भरावाची माती किती अंतरावरून आणायची याला 'लीड' म्हणतात. समजा, चांगली माती तीन किलोमीटरवर आहे आणि अंदाजपत्रकात लीड वीस किलोमीटर धरला. धरण तेच, माती तीच, ट्रकही त्याच खाणीतून येतो. वाहतुकीचा दर मात्र कैक पटींनी वाढला. पायासाठी कठीण खडक किती फोडावा लागेल हा आकडाही असाच लवचिक. जमिनीखाली काय आहे ते खोदल्याशिवाय कळत नाही, आणि खोदून झाल्यावर खड्डा बुजतो.

निविदा निघाल्यानंतरच्या वाटा निराळ्या. निविदेत धरलेल्या परिमाणापेक्षा काम सव्वापटीहून जास्त झाले तर वाढीव कामाचा दर नव्याने ठरतो, हे निविदेतले 'कलम ३८'. निविदेत नसलेली बाब नंतर घुसवली तर तिचे दर स्वतंत्र यादीत जातात, तिला 'ईआयआरएल' म्हणतात. ही दोन नावे उच्चारली की कोणत्याही विभागीय कार्यालयातला कारकून मान वर करून बघतो. कमी दराची निविदा भरून काम पटकावायचे आणि मग या दोन दारांनी वसुली करायची, ही पद्धत नवी नाही. शिवाय यंत्रसामग्रीसाठी म्हणून ठेकेदाराला आगाऊ रक्कम मिळते. जमीन ताब्यात नसतानाच कार्यादेश दिला तर काम उभेच राहत नाही, आगाऊ रक्कम तेवढी उचलली जाते.

हे सगळे वाढायला जागा कुठून मिळाली? कृष्णेच्या पाण्यातला आपला वाटा मे २००० पर्यंत अडवला पाहिजे, अशी बच्छावत लवादाच्या निवाड्याने घाई लावली होती. त्यासाठी १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले. पाठोपाठ दोन वर्षांत विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाडा अशी चार महामंडळे झाली. रोखे काढून पैसा उभारायचा आणि कामे धडाक्यात संपवायची, ही कल्पना. पैसा उभा राहिला. कामे इतकी एकदम सुरू झाली की सगळीच अर्धवट राहिली, आणि अर्धवट काम हे सुप्रमेला फार सोयीचे असते. गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाले तेव्हा त्याची किंमत सुमारे ३७२ कोटी होती. पुढे ती साडेसात हजार कोटींच्या वर गेली, मग त्याच्याही दुपटीपुढे. विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची एकत्रित किंमत २००९ मधल्या अवघ्या काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेल्याचा आकडा पुढे वर्तमानपत्रांपासून न्यायालयापर्यंत सगळीकडे गाजला.

पाच मे ते पंचवीस सप्टेंबर

२०१२ च्या उन्हाळ्यात राज्यात दुष्काळ होता. २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतली एक ओळ तेव्हा लोकांच्या नजरेत भरली: एकूण पिकाखालील क्षेत्रात सिंचनाचा वाटा दशकापूर्वी १७.८ टक्के होता, आता १७.९. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्चून ०.१ टक्का. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी श्वेतपत्रिका काढण्याची भाषा सुरू केली.

या आकड्यावर खात्याचा आक्षेप होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. विहिरींचे सिंचन कसे मोजले, प्रत्यक्ष भिजलेले क्षेत्र धरले की निर्माण झालेली क्षमता धरली, यावर उत्तर बदलते. पण कुणी तरी मोजले पाहिजे ना? पुढच्या वर्षांत आर्थिक पाहणीच्या त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असे शब्द येऊ लागले. वादाचा हा निकाल विलक्षणच म्हणायचा.

पांढरे यांचे पत्र ५ मे २०१२ चे. ते राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना उद्देशून होते. पत्राचा रोख असा: अंदाजपत्रके राजकीय दबावाखाली आणि ठेकेदारांच्या सोयीने फुगवली जातात, कामांचा दर्जा निकृष्ट आहे, उपसा सिंचन योजनांवर ओतलेला पैसा तर जवळपास सगळा बुडाला आहे, कारण त्यातल्या बहुतेक योजना बंद पडल्या आहेत. हे आरोप होते. पण ज्या समितीपुढे अंदाजपत्रके येतात तिच्याच सदस्याने ते सहीनिशी केले होते, म्हणून त्यांचे वजन निराळे.

उपशाचा मुद्दा कोरडवाहू शेतकऱ्याला लगेच पटतो. नदीकाठी पंपघर दिसते, टेकडीवर चढत गेलेले भले जाड पाइप दिसतात, आणि वर पाणी नसते. पंप आणि पाइप ही खरेदीची बाब, ती आधी उरकते. शेतापर्यंतच्या चाऱ्या हे किचकट काम, ते शेवटी. तोवर विजेचे बिल कुणी भरायचे हा प्रश्न उभा राहतो आणि मोटारी गंजतात.

मे गेला, पावसाळा गेला. पत्रावर काही हालचाल दिसली नाही. मग सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते माध्यमांत आले. विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिवसाला, म्हणजे अभियंता दिनाला, तेव्हा पुरते दहा दिवसही झाले नव्हते. ३५ हजार कोटींचा आकडा बातम्यांमधून फिरू लागला. आधीच सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी कोकणातल्या कोंढाणे धरणाचे प्रकरण लावून धरले होते, विदर्भात जनमंच ही संघटना न्यायालयात गेली होती. १९९९ ते २००९ अशी दहा वर्षे जलसंपदा खाते सांभाळलेले अजित पवार यांनी २५ सप्टेंबरला उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. आरोप त्यांनी साफ नाकारले. ३० नोव्हेंबरला श्वेतपत्रिका आली आणि ७ डिसेंबरला ते पुन्हा उपमुख्यमंत्री झाले.

हा माणूस कसा

नाशिककरांना पांढरे आठवतात ते मुख्यतः त्या आठवड्यातल्या टीव्हीवरचे. पण त्यांच्या स्वभावाचा अंदाज टीव्हीपेक्षा पत्राच्या वाटेवरून जास्त येतो. त्यांनी निनावी चिठ्ठी पाठवली नाही. पत्रकाराला फाइल देऊन स्वतः मागे राहिले नाहीत. रीतसर, तारखेसह, हुद्द्यासह, घटनात्मक प्रमुखाला लिहिले. नोकरीत असताना लिहिले, आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ काय म्हणतात हे मुख्य अभियंत्याला कुणी समजावून सांगायची गरज नसते. ज्याला शिस्तभंगाची कारवाई म्हणजे काय ते पक्के ठाऊक आहे, त्याने हे करणे आणि निवृत्तीनंतर पेन्शन सुरू झाल्यावर आत्मचरित्रात करणे, यांत फार अंतर आहे. आपल्याकडे दुसरा प्रकार भरपूर सापडतो.

त्यांना विचारायचा अवघड प्रश्नही आहेच. मुख्य अभियंतापदापर्यंत पोहोचायला दशके जातात. मग इतक्या वर्षांत हे दिसले नव्हते का? दिसले असणारच. पण एका विभागात बसलेल्याला आपल्या विभागाची फाइल दिसते. पाचही महामंडळांच्या फायली शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची संधी फार थोड्या खुर्च्यांना मिळते. त्या खुर्च्यांवर बसलेले बाकीचे काय करत होते, हा प्रश्न पांढरे यांना विचारण्यापेक्षा त्यांना विचारणे जास्त न्याय्य ठरेल.

भीतीचा विचार करायचा तर तो याच जिल्ह्याच्या संदर्भात करायला हवा. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळ करणाऱ्यांनी भर दिवसा जिवंत जाळले. पांढरे यांचे पत्र त्यानंतर सव्वा वर्षाचे. सोनवणे यांच्या हत्येच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०१० मध्ये, तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून झाला होता. आणि पत्र लिहिणाऱ्या अभियंत्यांमध्ये सत्येंद्र दुबेंचे नाव विसरणे शक्यच नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातले गैरव्यवहार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवले, आपले नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. नाव फुटले. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला खरा, पण तो लागू करण्याची अधिसूचना रखडली ती रखडलीच.

पुढे नोकरीतून बाहेर पडल्यावर पांढरे आम आदमी पक्षात गेले आणि २०१४ ची लोकसभा निवडणूक त्यांनी नाशिकमधून लढवली. शिवसेनेचे हेमंत गोडसे निवडून आले, छगन भुजबळ हरले. पांढरे यांची अनामत रक्कमही वाचली नाही. यावरून 'लोकांना प्रामाणिक माणूस नको असतो' असा सूर काढणे सोपे आहे, पण तो फसवा वाटतो. नाशिकच्या मतदाराने त्या वर्षी मोदी लाटेत मत दिले. अंदाजपत्रक वाचता येणे हा निवडणुकीतला गुण नाही, आणि त्याबद्दल मतदाराला दोष देण्याचे कारण नाही.

वाघाडच्या शेपटाला

फुगलेल्या अंदाजपत्रकाची शेवटची किंमत कोण मोजतो हे पाहायचे तर दिंडोरी रोडनेच पुढे जावे. दिवाळीच्या आसपास या तालुक्यात द्राक्षबागांची गोडी छाटणी उरकत आलेली असते, आणि सगळ्यांचे कान कालवा सल्लागार समितीच्या बैठकीकडे असतात. १५ ऑक्टोबरला धरणात किती साठा उरला त्यावर रब्बीची आवर्तने ठरतात. पिण्याला किती, उद्योगाला किती, खाली जायकवाडीला किती सोडायचे, आणि मग शेतीला किती.

वाघाड हे इथले मध्यम आकाराचे धरण. धरण झाले, कालवा झाला, पण शेपटाच्या, म्हणजे टेलच्या शेतकऱ्याला पाणी दिसेना. कागदावर तो लाभक्षेत्रात होता. पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म भरायचा, पाटकऱ्याच्या मागे फिरायचे आणि वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने सोडले तर घ्यायचे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला टेललाच तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. त्यांची मागणी एकच होती: आम्हाला एकरावर नको, घनमीटरवर पाणी द्या, दारावर मोजून द्या. मोजून घेतलेले पाणी मग त्यांनी आपसात वाटले, ओढ्यांवर बंधारे घालून विहिरींत मुरवले. हळूहळू वरच्या गावांनीही संस्था केल्या, आणि साऱ्या प्रकल्पाचे वाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याच्या चर्चेत वाघाडचे नाव घेतल्याशिवाय कुणी पुढे जात नसे.

इथे घोटाळा उघड करायला कुणी गेले नव्हते. पण मापकाशेजारी शेतकरी उभा राहिला की किती आले आणि किती मुरले यात थापा मारता येत नाहीत. पांढरे अंदाजपत्रकाच्या टोकाला जे करत होते ते वाघाडवाले चारीच्या टोकाला करत होते. मधल्या सगळ्या पल्ल्यात, मंत्रालय ते उपविभाग, मोजणारे कमी आणि मंजूर करणारे जास्त आहेत. औरंगाबादच्या 'वाल्मी' या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतून निवृत्त झालेले प्रदीप पुरंदरे हेच वर्षानुवर्षे लिहीत आले. एकात्मिक जल आराखडा नसताना गोदावरी खोऱ्यात १८९ प्रकल्पांना मान्यता दिली गेल्याचा मुद्दा घेऊन ते उच्च न्यायालयातही गेले.

फायली पुढे कुठे गेल्या

हा भाग थोडक्यात उरकलेला बरा. सिंचनातल्या गैरव्यवहारांच्या आरोपांवर स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी समिती नेमली गेली. भाजपचे नेते ऑक्टोबर २०१३ मध्ये १४ हजार पानांचे पुरावे बैलगाडीत घालून औरंगाबादला समितीकडे गेले. छायाचित्र झकास आले. समितीचा अहवाल २०१४ मध्ये आला. त्याने कार्यपद्धतीतल्या अनियमिततांवर बोट ठेवले आणि जबाबदारीचा भार बराचसा अधिकाऱ्यांवर टाकला. सरकार बदलले, डिसेंबर २०१४ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या खुल्या चौकशीला परवानगी मिळाली, गुन्हे दाखल झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये या विभागाने नागपूर खंडपीठापुढे शपथपत्र देऊन अजित पवार यांच्यावर जबाबदारी ठेवली. वर्षभराने, २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, त्याच विभागाने त्यांच्यावर जबाबदारी येत नाही असे शपथपत्र दिले. कागद तेच, खाते तेच. मधल्या काळात काय बदलले ते महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलेच आहे.

दहा रुपयांचा स्टॅम्प

पांढरे यांच्या टेबलावर येणारे बहुतेक कागद आज तालुक्यातला कुणीही माणूस मागू शकतो. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला दोन रुपये, तीस दिवसांची मुदत. उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग राज्य माहिती आयोगाचे नाशिक खंडपीठ, आणि तिथे मात्र तारखेची वाट पाहण्याचा चिवटपणा हवा.

मागायचे काय, हे ठाऊक नसल्याने बरेच अर्ज वाया जातात. 'धरणाची संपूर्ण माहिती द्यावी' असे लिहिले की उत्तरात 'माहिती मोघम आहे' येते. जुने कार्यकर्ते नेमके मागतात: मूळ प्रमा आणि प्रत्येक सुप्रमेचा प्रस्ताव, खर्चवाढीच्या कारणांच्या गोषवाऱ्यासह. माती आणि मुरूम यांचे लीड दाखवणारा नकाशा. कलम ३८ आणि ईआयआरएलखाली मंजूर झालेल्या बाबींची यादी, मंजूर करणाऱ्याच्या हुद्द्यासह. मोजमाप पुस्तिकेची त्या देयकापुरती पाने. आणि याच्याही पुढची एक गोष्ट कायद्याच्या कलम २(ञ) मध्येच आहे, तिचा वापर फार कमी होतो: अर्जदार प्रत्यक्ष कामाची पाहणी मागू शकतो आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेही. कालव्याच्या अस्तरीकरणाचा असा नमुना हाती आला तर तो आपल्या खर्चाने कोणत्याही मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेता येतो.